वेताळाचं खातं

इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या आमच्या पिढीला 'फँटम' म्हटलं की वेताळच आठवतो. जांभळा पोशाख, कवटीची अंगठी, आणि हा कधी मरतच नाही अशी जंगलभर ख्याती. अमेरिकेच्या पेन्शनच्या कायद्यात याच नावाचं एक खातं आहे हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. 'फँटम अकाउंट.' त्यात पैसे नसतात, पण ते दरवर्षी वाढतं. पैसे कधीच काढून घेतलेले असतात, खर्च होऊन गेलेले असतात, तरी कागदावर त्यांच्यावर व्याज चढत राहतं. आणि तुम्ही निवृत्त झालात की त्या नसलेल्या पैशांची वजावट तुमच्या असलेल्या पेन्शनमधून होते. मरत नाही, हे तेवढं वेताळासारखंच.

मी वकील नाही, ॲक्चुअरी तर त्याहून नाही. पण आमच्या वन्सं (माझी थोरली नणंद, चाळीस वर्षं अमेरिकेत आहेत) गेल्या वर्षी निवृत्त झाल्या, त्यांच्या हातात एक पत्र आलं, आणि त्या निमित्ताने मी बरंच वाचून काढलं. घरच्या मंडळींना फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगून कंटाळा आला, म्हणून इथे सलग लिहिते. ब्लॉगवरच्या नेहमीच्या मित्रमंडळींनी आकडे आले की पळून जाऊ नये. आकडे थोडेच आहेत.

सुरुवात लांबून करावी लागेल. अमेरिकेत नोकरदाराच्या म्हातारपणाची सोय दोन तऱ्हांनी होत आली. एक म्हणजे पेन्शन: इतकी वर्षं काम, इतका पगार, म्हणून महिन्याला इतके डॉलर, मरेपर्यंत. गुंतवणूक बुडाली तरी ती कंपनीची डोकेदुखी. दुसरी म्हणजे नफा-वाटणी: कंपनी दरवर्षी नफ्यातला हिस्सा तुमच्या नावच्या खात्यात टाकते, तो शेअरबाजारात वाढतो किंवा बुडतो, आणि शेवटी जे असेल ते तुमचं. सिअर्स या दुकानदार कंपनीने १९१६ साली अशी योजना काढली. रॉचेस्टरच्या कोडॅकने तर १९१२ पासूनच कामगारांना 'वेज डिव्हिडंड' द्यायला सुरुवात केली होती.

पहिल्या तऱ्हेतला धोका लोकांना कळला तो १९६३ च्या डिसेंबरात. स्टुडबेकर या मोटार कंपनीने इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. पेन्शन फंडात पुरेसे पैसेच नव्हते. साठी गाठलेल्या आणि आधीच निवृत्त झालेल्या साधारण ३,६०० लोकांना पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या चार हजारांच्या आसपास कामगारांना त्यांच्या हक्काच्या डॉलरमागे सरासरी पंधरा सेंट मिळाले. उरलेल्या २,९०० जणांना काहीच नाही. वीस-बावीस वर्षं गाड्या जोडलेला एकोणसाठ वर्षांचा माणूस पंधरा टक्क्यांवर, आणि त्याच्या शेजारी उभा राहणारा साठीचा माणूस पूर्ण पेन्शनवर. या एका कारखान्याचं नाव पुढे अकरा वर्षं अमेरिकी संसदेत घेतलं जात होतं. शेवटी २ सप्टेंबर १९७४ ला, निक्सन जाऊन महिना व्हायच्या आत, अध्यक्ष फोर्ड यांनी 'एरिसा' नावाच्या कायद्यावर सही केली. पेन्शनचे पैसे वेगळे ठेवा, ठरावीक वर्षांनंतर कामगाराचा हक्क हिरावता येणार नाही, कंपनी बुडाली तर सरकारी विमा महामंडळ हमी देईल, आणि योजनेची माहिती साध्या कामगाराला समजेल अशा भाषेत लिहून द्या, असं सगळं त्यात आहे. ही शेवटची अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या तऱ्हेतला धोका त्याच सुमारास दिसला. जानेवारी १९७३ मध्ये डाऊ जोन्स निर्देशांक १,०५१ वर होता, डिसेंबर १९७४ मध्ये तो ५७७ वर आला. ज्यांची सगळी पुंजी नफा-वाटणीच्या खात्यात होती आणि जे नेमके त्याच हिवाळ्यात पासष्ट वर्षांचे झाले, त्यांचं काय?

यावर निघालेला तोडगा मोठा हुशार होता. त्याला 'फ्लोअर-ऑफसेट' म्हणतात. फ्लोअर म्हणजे तळजमीन: याच्याखाली तुम्ही पडणार नाही. ऑफसेट म्हणजे वजावट. कंपनी म्हणते, तुमचं नफा-वाटणीचं खातं आहेच. पण शिवाय आम्ही पेन्शनच्या सूत्राने एक किमान रक्कम ठरवतो. निवृत्तीच्या दिवशी तुमच्या खात्यातल्या पैशांतून आयुष्यभर महिन्याला किती मिळू शकेल ते काढू. ते किमान रकमेपेक्षा कमी भरलं तर फरक आम्ही पेन्शन फंडातून देऊ. जास्त भरलं तर तुमचं नशीब, सगळं तुमचं. १९७६ साली अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याने एक निर्णय काढून अशा जोडगोळीला मान्यता दिली. अट अशी, की वजावट कोणत्या दिवशी आणि कोणत्या हिशेबाने करणार ते योजनेत आधीच लिहिलेलं असलं पाहिजे.

कागदावर हे इतकं सुंदर आहे की मला पहिल्यांदा वाचताना वाटलं, आपल्याकडे का नाही असं? बाजार चढला तर कामगाराचा फायदा, पडला तर खाली जाळी.

पण माणूस पासष्टीपर्यंत थांबत नाही ना! मधे आयुष्य असतं. आजारपण येतं, घर जायची वेळ येते, मुलांच्या फिया येतात. नफा-वाटणीच्या योजनांमधून अशा अडचणीला पैसे काढू देण्याची मुभा ४०१-के हा प्रकार जन्माला येण्याच्या आधीपासून होती. १९७८ च्या कायद्याने ४०१-के आलं, आणि १९८८ च्या नियमांनी 'हार्डशिप' म्हणजे काय याची एक यादीच दिली. गरज 'तातडीची आणि मोठी' हवी. औषधोपचार, राहतं घर घेणं, उच्च शिक्षणाची फी, घरातून हकालपट्टी किंवा घरावरची जप्ती टाळणं. पुढे अंत्यसंस्कार आणि आपत्तीत मोडलेल्या घराची दुरुस्ती हेही आलं. कर्जापेक्षा हे वेगळं. कर्ज फेडता येतं, हार्डशिपचे पैसे परत भरायची सोयच नाही. वर प्राप्तिकर, आणि साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढले तर बहुतेक वेळा १९८६ च्या कायद्याने लावलेला दहा टक्के जादा कर. त्या काळच्या नियमांत आणखी एक गंमत होती: अडचणीसाठी पैसे काढले की पुढचे बारा महिने तुम्हाला खात्यात भरच घालता येत नसे. २००१ च्या कायद्यानंतर ते सहा महिन्यांवर आलं आणि २०१८ च्या कायद्यानंतर गेलं. म्हणजे एक दात पडला म्हणून वर्षभर जेवण बंद, असा हा प्रकार तीस वर्षं चालला.

आता या दोन गोष्टी एकत्र आणा. खात्यातून पैसे काढले, खातं लहान झालं. खातं लहान झालं तर वजावट लहान, वजावट लहान तर पेन्शन मोठी. मग काय, प्रत्येकाने खातं रिकामं करावं आणि फरक कंपनीकडून घ्यावा! हे होऊ नये म्हणून अशा योजनांमध्ये कलम घालतात: आधी काढलेले पैसे हे खात्यातच आहेत असं 'धरून' वजावट करायची. इथवर मला काही गैर वाटत नाही. प्रश्न पुढचा आहे. धरायचे ते किती? काढले तेवढेच, की वाढवून? वाढवून तर कोणत्या दराने?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. किमान पेन्शन ठरली महिना १,५०० डॉलर. हिशेबाच्या सोयीसाठी धरू की खात्यातल्या १,२०,००० डॉलरमागे महिना १,००० मिळतात. बाई पंचेचाळीसाव्या वर्षी नवऱ्याच्या आजारपणासाठी २०,००० काढते. पासष्टाव्या वर्षी तिच्या खात्यात ६०,००० आहेत, म्हणजे महिना ५००.

काढलेले पैसे हिशेबात धरलेच नाहीत, तर कंपनी उरलेले १,००० देईल. बाईला १,५०० मिळतील, आणि मधले वीस हजार वर. कंपनी म्हणणार, हे फुकट झालं, आणि तिचं चूक नाही.

काढले तेवढेच धरले, म्हणजे ६०,००० अधिक २०,०००, तर वजावट ६६७ ची. पेन्शन ८३३. खात्यातले ५०० मिळवून बाईच्या हातात १,३३३.

आता सात टक्क्यांनी वाढवून धरा. वीस वर्षांत वीस हजारांचे ७७,४०० होतात. त्यांचा मासिक भाग ६४५. म्हणजे वजावट ५०० अधिक ६४५, एकूण १,१४५. पेन्शन ३५५. आणि बाईच्या हातात प्रत्यक्षात ३५५ अधिक ५००, म्हणजे ८५५. बाकीचे ६४५ वेताळ घेऊन गेला.

हिशेबनीस म्हणेल, बरोबरच आहे, तिने काढले नसते तर खात्यात तेवढे असते आणि तिला १,५०० मिळालेच असते. एका अर्थी खरं आहे. पण दोन गोष्टी मला खटकतात. पहिली, तिने वीस हजार काढले तेव्हा दहा टक्के, म्हणजे दोन हजार, जादा करात गेले. प्राप्तिकराचं सोडा, तो पुढेमागे भरायचाच होता. पण हे दोन हजार तिच्या हाताला कधी लागलेच नाहीत, आणि वेताळाच्या खात्यात मात्र तेही वीस वर्षं वाढले. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ही योजना मुळात बाजार पडला तर जाळी म्हणून काढली होती. खरं खातं बाजार पडला की पडतं, आणि पेन्शन ती खळगी भरते. पण वेताळाचं खातं ठरावीक दराने वाढवलं तर ते कधीच पडत नाही. २००० ते २००२ आणि पुन्हा २००८ मध्ये सगळ्यांची खरी खाती आपटली, आणि अशी नसलेली खाती मात्र मजेत सात टक्क्यांनी वाढत राहिली! अडचणीत असलेल्या माणसाची जाळी तेवढी काढून घेतली, असा याचा अर्थ होतो.

या प्रश्नावर सगळ्यात मोठी लढाई झाली ती झेरॉक्स कंपनीत. (आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर 'झेरॉक्स' असतं, पण ही मूळची रॉचेस्टरची कंपनी.) त्यांच्याकडे नफा-वाटणी आणि किमान पेन्शनची हीच जोडी होती. तिथला प्रश्न हार्डशिपचा नव्हता. काही लोकांनी मधेच नोकरी सोडली होती, जाताना खात्यातले पैसे एकरकमी घेतले होते, आणि काही वर्षांनी ते परत कंपनीत आले होते. पण मुद्दा तोच: आधी घेतलेले पैसे पेन्शनमधून वजा करताना कसे मोजायचे? कंपनीचे प्रशासक म्हणाले, ते पैसे आमच्या फंडातच राहिले असते तर जितके झाले असते तितके. 'फँटम अकाउंट' हे नाव या खटल्यातलं. शंभरावर कर्मचारी १९९९ साली कोर्टात गेले.

२००६ साली अपील कोर्टाने कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. कारण मला फार आवडलं. कोर्टाने म्हटलं की वजावट काल्पनिक वाढीने होणार ही गोष्ट लोकांना नीट सांगितलीच नव्हती. १९९८ च्या माहितीपुस्तिकेत ती आली, आणि त्याआधी परत रुजू झालेल्यांना ती मागाहून लावता येणार नाही. स्टुडबेकरच्या पुण्याईने कायद्यात आलेली ती 'समजेल अशा भाषेत लिहा' ही अट इथे उपयोगी पडली.

मग खालच्या कोर्टाने ठरवलं, घेतले तेवढेच वजा करा, व्याज नाही. ते वरच्या कोर्टाने उचलून धरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, 'काँक्राइट विरुद्ध फ्रॉमर्ट'. एप्रिल २०१० मध्ये पाच विरुद्ध तीन असा निकाल लागला, तो कंपनीच्या बाजूने. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं की योजनेचा अर्थ लावताना प्रशासकाची एकदा प्रामाणिक चूक झाली म्हणून अर्थ लावण्याचा त्याचा अधिकार संपत नाही. त्याला दुसरी संधी द्या. आणि आजचा डॉलर व उद्याचा डॉलर सारखा नसतो, हेही त्यांनी सुनावलं. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी विरोधी मत लिहिलं. प्रशासकांनी मग नवा हिशेब आणला, व्याज धरूनच. तो खालच्या कोर्टाने मान्य केला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये अपील कोर्टाने पुन्हा रद्द केला. तोपर्यंत खटला सुरू होऊन चौदा वर्षं झाली होती, आणि तो तिथेही संपला नाही. फिर्यादी सगळे उतारवयाचे. आपल्याकडच्या कोर्टांना नावं ठेवणाऱ्यांनी हा हिशेब जरूर पाहावा.

माझं मत विचाराल तर व्याजाबद्दल रॉबर्ट्स यांचं चूक नाही. तीस वर्षांपूर्वीचे वीस हजार आणि आजचे वीस हजार एकच, असं म्हणणं बालिश आहे. पण व्याज घ्यायचं असेल तर पैसे देतानाच सांगायला हवं होतं, आणि सगळा खटला त्यावरच होता. माणूस अडचणीत खिडकीपाशी उभा असतो तेव्हा त्याला फॉर्म मिळतो, सही कुठे करायची ते सांगतात. या वीस हजारांमुळे तुझी पेन्शन पासष्टाव्या वर्षी महिना सहाशे पंचेचाळीसने घटेल, हे वाक्य त्या फॉर्मवर असतं तर कदाचित त्याने पैसे काढलेच असते. पण कळून काढले असते.

वजावटीच्या या खेळाचं दुसरं टोक आपल्याला चांगलं ठाऊक असलेल्या कंपनीत सापडतं. एन्रॉन. गुहागरजवळच्या अंजनवेलचा तो दाभोळ प्रकल्प, १९९५ च्या निवडणुकीतल्या त्याला अरबी समुद्रात बुडवण्याच्या गर्जना, मग पुन्हा वाटाघाटी... तीच. ह्यूस्टनमध्ये त्यांच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या १९८७ ते १९९४ या वर्षांच्या पेन्शनमधून वजावट व्हायची ती कंपनीच्या शेअर्सच्या खात्याची. कंपनीच्याच शेअर्सवर अशी पेन्शन टांगू नये म्हणून अमेरिकी संसदेने १९८७ च्या डिसेंबरात निर्बंध आणले, पण आधीपासून असलेल्या योजना सोडून दिल्या. एन्रॉनची त्यात बसली. पुढे कंपनीने १९९६ ते २००० या पाच वर्षांत दरवर्षी एक पंचमांश वजावट त्या त्या वेळच्या शेअरच्या भावाने कायमची गोठवली. भाव तेव्हा चढते होते. २ डिसेंबर २००१ ला कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, शेअर कवडीमोल झाला, आणि गोठवलेली वजावट मात्र तशीच राहिली. ज्यांनी शेअर्स विकले नव्हते त्यांच्याकडे शेअर्सची किंमत नाही आणि तिच्या बदल्यात कापलेली पेन्शनही नाही. हेही भूतच, फक्त उलट्या पायांचं. झेरॉक्सच्या लोकांनी पैसे घेतले तरी होते.

हे वाचत असताना मला सारखा आपला 'उचल' हा शब्द आठवत होता. ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतात आणि मग ती फिटेपर्यंत कोयता चालवतात. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला चिकटते. त्या शब्दात घेणं आणि फेडणं दोन्ही आहे, ऐकणाऱ्याला कळतं की हे परत द्यायचंय. 'हार्डशिप विथड्रॉवल' हा शब्द ऐकून तसं वाटत नाही. आपलेच पैसे आपण काढले, असं वाटतं.

आणि आपल्या सरकारी पेन्शनमधलं अंशराशीकरण घ्या. घरोघरी त्याला 'पेन्शन विकणं' म्हणतात. पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घ्यायचे, त्या प्रमाणात महिन्याची पेन्शन घटते. आमच्या सासऱ्यांनी त्याच पैशातून माळ्यावरच्या दोन खोल्या बांधल्या. पण या उचलीला अंत आहे. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या प्रकरणानंतर केंद्राच्या पेन्शनरांना पंधरा वर्षांनी पूर्ण पेन्शन परत मिळू लागली. सासऱ्यांचीही पंधरा वर्षं भरली तेव्हा कापलेली पेन्शन परत सुरू झाली, आणि त्यांनी पेढे आणले होते.

खासगी नोकरीतल्यांच्या वाट्याला मात्र हे सुख उशिरा आलं. कर्मचारी पेन्शन योजना नोव्हेंबर १९९५ मध्ये सुरू झाली. तिच्यात एक तृतीयांशापर्यंत पेन्शन विकता यायची, दर महिन्याच्या शंभर रुपयांमागे दहा हजार. म्हणजे व्याज सोडलं तर शंभर महिन्यांत, आठ वर्षं चार महिन्यांत, मुद्दल फिटलं. पण कापलेली पेन्शन परत मिळण्याची तरतूदच नव्हती! सप्टेंबर २००८ मध्ये विकण्याची सोयच बंद केली, आणि आधी विकलेले तसेच लटकले. फेब्रुवारी २०२० मध्ये अधिसूचना निघाली तेव्हा त्यांना पंधरा वर्षांनंतर पूर्ण पेन्शन देण्याचं ठरलं. सुमारे सहा लाख तीस हजार पेन्शनरांचा तो प्रश्न होता. पंधरा वर्षांत व्याजासकट फिटतं की थोडं जास्तच घेतात यावर पेन्शनरांच्या संघटना भांडत असतात, ते भांडण वेगळं. पण वेताळाला कधीतरी घरी पाठवायचं असतं एवढं आपण मान्य केलं. झेरॉक्सच्या हिशेबात ते कुठेच नाही. तिथे माणूस जितका जास्त जगेल तितका वेताळ जास्त खातो.

आता वन्संचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे. १९८६ पासून त्या तिथे. १९९८ साली भावजींच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. विम्याने बराच भाग नाकारला. वन्संनी नफा-वाटणीच्या खात्यातून पैसे काढले. त्या वेळी भारतात कोणालाही त्यांनी हे कळवलं नव्हतं, आम्हाला फक्त 'ऑपरेशन छान झालं' एवढंच. (आमच्या घराण्यात पैशाची अडचण ही आजारापेक्षा जास्त लपवतात.) भावजी पुढे एकोणीस वर्षं जगले. गेल्या वर्षी पेन्शनचं पत्र आलं, त्यात अपेक्षेपेक्षा बरीच कमी रक्कम, आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ: पूर्वी घेतलेली रक्कम, व्याजासह समायोजित.

त्या मला फोनवर म्हणाल्या, "अगं, ते पैसे तर त्याच वर्षी हॉस्पिटलात गेले. मग इतकी वर्षं ते वाढले कुठे? कोणाकडे?"

याचं उत्तर मी त्यांना दिलं ते वर लिहिलंय तसंच, उदाहरणासकट. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "व्याज लावलं म्हणून नाही गं. सांगितलं नाही म्हणून."

त्यांच्या मुलाचं म्हणणं होतं की सोडून दे, आई, वकिलाचा खर्च जास्त होईल. वन्संनी ऐकलं नाही. त्या तीस वर्षं हिशेबखात्यात होत्या, आकडा कसा आला हे कळल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. कायद्याने कर्मचाऱ्याला योजनेचा मूळ दस्तऐवज आणि माहितीपुस्तिका लेखी मागता येते. तीस दिवसांत दिली नाही तर कोर्ट प्रशासकाला दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड करू शकतं. दावा नाकारला तर अपिलाला किमान साठ दिवस मिळतात. झेरॉक्सच्या लोकांनी शिकवलेला प्रश्न मुख्य: पैसे काढले त्या वर्षी जी पुस्तिका हातात होती, तिच्यात व्याजाची ही ओळ होती का, आणि होती तर दर कोणता?

वन्संनी तळघरातली खोकी काढली. अमेरिकन घरांना तळघर असतं आणि आमच्या वन्सं कागद टाकत नाहीत, ही दोन्ही सुदैवं एकत्र आली. १९९६ ची पुस्तिका सापडली. तिच्यात 'आधी घेतलेली रक्कम विचारात घेतली जाईल' एवढंच वाक्य आहे, व्याजाचा शब्द नाही. २००३ च्या पुस्तिकेत तो आहे, दरासकट. मधली एक पुस्तिका निघाली होती, ती त्यांच्याकडे नाही. नेमकं १९९८ साली कोणती लागू होती यावर आता सगळं आहे, कारण मधली त्या वर्षाच्या आधीची निघाली आणि तिच्यात व्याज असलं तर वन्संची बाजू बरीच लंगडी पडते.

पत्राचा मसुदा आम्ही दोघींनी मिळून केला, रात्री साडेअकरा ते दीड, इकडची रात्र आणि तिकडची दुपार. मी एक परिच्छेद भावजींच्या आजारपणावर घातला होता. वन्संनी तो काढला. म्हणाल्या, त्यांना त्याच्याशी काय करायचंय, त्यांना पुस्तिकेचा प्रश्न विचार. शेवटी पत्र एका पानाचं झालं: तीन कागद मागितलेत आणि वजावटीचा हिशेब पायरीपायरीने मागितलाय. मंगळवारी ते पोचपावतीच्या टपालाने गेलं. पावती आली की तिथून तीस दिवस मोजायला सुरुवात.